शेवटच्या ओळीतले नाव

वर्तमानपत्राचा कोणता भाग आपण कधीच वाचीत नाही? सकाळच्या चहाबरोबर अग्रलेख वाचणारे आजोबा असतात, बाजारभाव पाहणारे काका असतात, शब्दकोडे सोडवणारी आत्या असते आणि छोट्या जाहिरातींतले वधूवर न्याहाळणारी मावशी तर घरोघरी असते. पण शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक खिळ्यांत छापलेली जी एक ओळ असते, ती वाचणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही. ‘हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून तमुक ठिकाणी प्रसिद्ध केले.’ बस्स, एवढाच तिचा मजकूर. अंक पुडी बांधायला निघाला तरी या ओळीकडे कोणाची नजर जात नाही.

मात्र एक वाचक असा होता की जो नेमकी हीच ओळ आधी वाचीत असे. तो म्हणजे इंग्रज सरकार.

१८६७ साली सरकारने छापखान्यांचा आणि पुस्तकनोंदणीचा कायदा केला. वर्तमानपत्र काढावयाचे तर त्याच्या मुद्रकाने व प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन तसे लिहून द्यावयाचे, आणि प्रत्येक अंकावर आपले नाव व ठिकाण छापावयाचे, असा त्याचा दंडक होता. पुढे १८७० मध्ये दंडसंहितेत राजद्रोहाचे १२४ अ हे कलम आले. या दोन कायद्यांची गाठ पडली आणि ती निरुपद्रवी ओळ भलतीच जड झाली. लेख कोणी लिहिला, कविता कोणी पाठवली, वृत्तान्त कोणी टिपला, याचा शोध घेण्याचे सरकारला कारणच उरले नाही. शेवटच्या ओळीत नाव कोणाचे आहे, एवढे पाहिले की पुरे!

या ओळीतले नाव म्हणून बाळ गंगाधर टिळक यांच्या आयुष्याकडे पाहावे, असे मला फार दिवस वाटत आले आहे. गणेशोत्सवाचे टिळक, ‘गीतारहस्या’चे टिळक, शेंगांच्या टरफलांच्या गोष्टीतले टिळक आपल्याला पाठ आहेत. वर्तमानपत्राचे मालक असलेले, वर्गणीदारांच्या थकबाकीची आणि कागदाच्या बिलाची काळजी वाहणारे टिळक मात्र आपल्या फारसे परिचयाचे नाहीत. माझ्या मते त्यांच्या राजकारणाचे मूळ या मालकीतच होते. मालकी म्हणजे येथे नफा नव्हे. छापलेल्या प्रत्येक अक्षराची जोखीम.

खांद्यावरच्या पेट्या

गोष्ट सुरू होते ती १८८० च्या जानेवारीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली होती. त्यांच्याभोवती नुकतेच पदवीधर झालेले काही तरुण जमले आणि पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. त्या तरुणांत २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले, गणितात मुरलेले आणि वकिलीची परीक्षा देऊनही वकिली न करणारे बळवंतराव टिळक होते. माधवराव नामजोशी होते. आणि लवकरच गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. शाळेतली मुले तर शिकू लागली; पण शाळेबाहेरच्या मोठ्या माणसांना कोणी शिकवावयाचे? त्यासाठी छापखाना हवा. आर्यभूषण छापखाना उभा राहिला, आणि १८८१ च्या जानेवारीत दोन साप्ताहिके निघाली. २ तारखेला इंग्रजी ‘मराठा’, ४ तारखेला मंगळवारी मराठी ‘केसरी’. ‘केसरी’चे संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक, अशी सुरुवातीची वाटणी होती.

छापखान्याचे सामान आणताना या पदवीधर मंडळींनी खिळ्यांच्या पेट्या आपल्या खांद्यावरून वाहिल्या, अशी आठवण टिळकांच्या चरित्रांतून सांगितली जाते. ज्यांनी शिशाच्या खिळ्यांनी भरलेली पेटी कधी उचलून पाहिली असेल त्यांना या आठवणीचे वजन कळेल. आमच्या हल्लीच्या विद्यार्थ्यांना ते सांगून कळत नाही. त्यांची अक्षरे बोटाच्या स्पर्शाने उमटतात आणि पुसली जातात. त्या काळी एक पान छापावयाचे म्हणजे जुळाऱ्याने एकेक खिळा वेचून जुळवावयाचा, प्रूफ तपासावयाचे, पान घट्ट बांधावयाचे, शाई लावावयाची. मराठीत तर काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे घर इंग्रजीच्या कितीतरी पट मोठे. देवनागरीच्या खिळ्यांची संख्या कशी कमी करता येईल, या प्रश्नात टिळकांनी पुढे स्वतः डोके घातले. राजकारणी पुरुषाने जोडाक्षरांचा हिशेब करीत बसावे याचे काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. ज्याच्या पदरी जुळारी आहेत, त्याला जोडाक्षरांची किंमत रुपयांत कळते.

पहिला धडा

पत्रे सुरू होऊन पुरते वर्षही झाले नव्हते, तोच शेवटच्या ओळीने पहिला हिसका दाखवला.

कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्ता येत होत्या. दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे पुढे आली, आणि त्यांच्या आधारावर ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी बर्व्यांवर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. आधारच खोटा निघाल्यावर टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली. तरीही १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले.

या प्रकरणात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. खटला चालू असताना जामिनाची रक्कम होती दहा हजार रुपये. ती भरली रामशेठ उरवणे यांनी, आणि त्यांना पुढे केले महात्मा जोतीराव फुले यांनी. फुल्यांचे आणि या मंडळींचे विचार किती भिन्न होते हे सर्वश्रुत आहे. विष्णुशास्त्र्यांनी तर फुल्यांवर बोचरी टीका केली होती. पण छापलेल्या अक्षरासाठी दोन तरुण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत म्हटल्यावर जोतीरावांनी जुना हिशेब काढला नाही. महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात यापेक्षा मोठ्या मनाची गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

टिळक या प्रकरणातून काय शिकले? माझा तर्क असा, की माफी केव्हा मागावी आणि केव्हा मागू नये, हा भेद त्यांनी कायमचा मनात पक्का केला. आपण छापलेले खोटे निघाले तर माफी हा आपला धर्म; आपण छापलेले केवळ सत्ताधाऱ्यांना झोंबले तर माफी हा अधर्म. १८८२ मध्ये त्यांनी माफी मागितली. पुढे पंधरा वर्षांनी माफीची वाट समोर दिसत असताना ते त्या वाटेने गेले नाहीत.

मित्र, मतभेद आणि कर्ज

तोवर घरातच तडा गेला होता. आगरकरांना समाजसुधारणा आधी हवी होती, टिळकांना राजकीय हक्क. पत्र एक आणि सूर दोन, हे किती दिवस चालावे? १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि टिळक त्याचे प्रकाशक व संपादक झाले. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांनी पत्र बंद केले नाही. नाव देऊन मते मांडण्याची हिंमत एकट्या टिळकांची नव्हती.

१८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. त्यानंतर वाटणी झाली. आर्यभूषण छापखाना वासुदेवराव केळकर व हरि नारायण गोखले यांच्याकडे गेला आणि दोन्ही पत्रे टिळकांच्या वाट्याला आली. पत्रे आली ती कर्जासकट! मध्यमवर्गीय घरात कर्ज ही काय चीज असते हे तुम्हा-आम्हाला सांगावयास नको. प्राध्यापकी गेलेली, पदरात दोन पत्रे, त्यांतले इंग्रजी कायम ओढाताणीचे, घरात बायको-मुले. टिळकांनी वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी कायद्याचा वर्ग चालवला, लातुरास भागीदारीत सरकी काढण्याचा कारखाना काढला. देशभक्ताने कापसाच्या धंद्यात पडावे हे काहींना चमत्कारिक वाटले असेल. पण पत्राचा खर्च दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चालला तर मतही त्याच्याच मेहेरबानीवर चालते. संस्थानिकाच्या देणगीवर किंवा सावकाराच्या पैशावर ‘केसरी’ चालला असता, तर त्याची गर्जना किती दिवस टिकली असती?

‘केसरी’ चालला तो वर्गणीवर. गावच्या शाळामास्तराने अंक घ्यावा, चावडीवर कोणीतरी मोठ्याने वाचावा, ऐकणाऱ्यांनी माना डोलवाव्या, अशा रीतीने एका अंकाचे दहा अंक होत. १८९६ च्या दुष्काळात या वाचकांना ‘केसरी’ने एक फार व्यवहारी गोष्ट दिली. दुष्काळात सरकारने काय काय करावयाचे याचे नियम सरकारनेच केलेले होते. पण ते इंग्रजीत होते. टिळकांनी ते मराठीत आणून लोकांपुढे ठेवले. शेतकऱ्याला कळले की साराबंदी, सूट, कामे ही भीक नसून नियमात लिहिलेली गोष्ट आहे. भाषेचा अध्यापक म्हणून मला ‘केसरी’च्या अग्रलेखांइतकेच हे भाषांतरही मोलाचे वाटते.

भवानी तलवारीची सही

१८९७ साल उजाडले ते प्लेग घेऊन. पुण्यात तपासणीसाठी गोरे सोल्जर घरात शिरू लागले. पुण्यातले अनेक पुढारी गाव सोडून गेले. टिळक राहिले, त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालवले आणि लोकांच्या तक्रारी छापल्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मग सरकारचा संताप पुण्यावर कोसळला. ६ जुलैच्या ‘केसरी’चा मथळा होता, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’

शाळेच्या पुस्तकांमुळे पुष्कळांचा समज असतो की टिळकांना शिक्षा झाली ती या अग्रलेखाबद्दल. वस्तुस्थिती तशी नाही. खटला भरला तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, म्हणजे रँडच्या खुनाच्या आठवडाभर आधी छापलेल्या मजकुरावर. एक होती ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता, ‘भवानी तलवार’ या निशाणीखाली आलेली. दुसरा होता शिवाजी-उत्सवाचा वृत्तान्त, त्यात प्रा. भानूंचे अफझलखानाच्या वधावरील भाषण होते आणि अध्यक्ष म्हणून टिळकांचेही. कविता टिळकांची नव्हती. पण शेवटच्या ओळीत नाव टिळकांचे होते.

२७ जुलैला मुंबईत त्यांना अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. बचावासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. त्यासाठी बंगालात निधी जमला आणि तो जमवणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकूरही होते. एका मराठी साप्ताहिकाच्या कवितेसाठी बंगाली माणसाने खिसा उघडावा, हीदेखील त्या ओळीची करामत! माफी मागून मोकळे व्हावे अशीही सूचना आली. त्यावर टिळकांनी मोतीलाल घोषांना पत्रातून कळवले त्याचा आशय असा, की लोकांतले माझे स्थान माझ्या वर्तनावर उभे आहे. मी खटल्याला भ्यालो असे झाले तर मग मी महाराष्ट्रात राहिलो काय आणि अंदमानात राहिलो काय, सारखेच.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायदा समजावताना ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! नऊ ज्यूरर, त्यांत सहा युरोपियन. सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळक दोषी ठरले आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच पिंजऱ्यात त्यांच्या शेजारी आणखी एक गृहस्थ होते, त्यांची आठवण मात्र कोणी काढीत नाही. छापखान्याचे व्यवस्थापक केशव महादेव बाळ. मुद्रक म्हणून नाव होते, म्हणून आरोपी. ते सुटले. पण तेवढे दिवस त्यांच्या घरातल्या माणसांनी कसे काढले असतील, हा विचार त्या खटल्याची हकीकत वाचताना माझ्या मनात दर वेळी येतो. एका ओळीवर दोन घरे टांगलेली होती.

मॅक्समुल्लरसारख्या विद्वानांनी सरकारकडे रदबदली केली आणि सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक सुटले. ४ जुलै १८९९ रोजी त्यांनी ‘केसरी’ची लेखणी पुन्हा हाती घेतली. त्या अग्रलेखाचे नाव ‘पुनश्च हरिः ओम्’. पाठ म्हणताना मध्येच कोणी उठवून नेले आणि परत आल्यावर वैदिकाने पुढचा मंत्र धरला, इतक्या सहजपणे!

कोशांची लढाई

वर्गात हा भाग शिकवताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, कविता त्यांची नव्हती, तर त्यांनी कवीचं नाव सांगून टाकायला काय हरकत होती?” प्रश्न बिनतोड होता. मी तिला म्हटले, “आपल्या घरच्या पंगतीला आलेल्या पाहुण्याला शिपाई पकडायला आला, तर यजमान काय करतो?” तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “पण मग यजमानाने बोलावणं करतानाच नीट बघायला हवं.” हे उत्तर मला माझ्या उत्तरापेक्षा चांगले वाटले. संपादकाचे काम तिने एका वाक्यात सांगितले होते.

हा यजमानधर्म १९०८ मध्ये कसोटीला लागला. तोवर ‘केसरी’ नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यात आला होता आणि त्याचा खप वीस हजारांच्या आसपास गेला होता. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला. सरकारने स्फोटकांचा आणि वृत्तपत्रांचा, असे दोन नवे कायदे केले. ‘केसरी’त १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख आले. बॉम्बचा मार्ग शोचनीय, पण त्या मार्गाला तरुणांना लोटणारी दडपशाही हे त्याचे कारण, असा त्यांचा रोख होता. जूनमध्येच ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना अटक झाली. त्यांच्या मदतीसाठी टिळक मुंबईला गेले आणि २४ जूनला सरदारगृहात त्यांनाच पकडण्यात आले. दुसऱ्या संपादकाच्या ओळीसाठी धावून गेलेला मनुष्य स्वतःच्या ओळीवर पकडला गेला.

जामिनासाठी बॅरिस्टर जिनांनी अर्ज केला. न्यायमूर्ती दावर यांनी तो फेटाळला. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते! ज्यूरी खास, सात युरोपियन आणि दोन पारशी. ज्यांना मराठी येते त्यांनीच मराठी लेखांचा न्याय करावा, हे बचावपक्षाचे म्हणणे व्यर्थ गेले. म्हणजे मूळ लेख मराठीत आणि न्याय त्याच्या इंग्रजी भाषांतराचा.

मग टिळकांनी स्वतःच आपला खटला चालवला, आणि कोर्टात मराठी भाषेचा वर्ग भरला. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी उलटतपासणी घेतली ती शब्दांवर. ‘माथेफिरू’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे? ‘जुलमी’ म्हणजे नेमके काय? इंग्रजीत सत्तेच्या निरनिराळ्या रंगांना निरनिराळे शब्द आहेत. मराठीत राजकारणाची परिभाषा अजून घडत आहे आणि एकाच शब्दाला पुष्कळ ओझी वाहावी लागतात. त्यातले सर्वांत काळे ओझे उचलून माझ्या माथी का मारता, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. पाच दशकांच्या आयुष्यात त्यांनी ज्या भाषेत लिहिले त्या भाषेचीच बाजू ते मांडीत होते. त्यांचे भाषण एकंदर एकवीस तास दहा मिनिटे चालले. मधुमेहाने पोखरलेला, बावन्नाव्या वर्षाला पोचलेला मनुष्य दिवसामागून दिवस उभा राहून बोलत होता.

२२ जुलैच्या रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. शिक्षेपूर्वी काही सांगावयाचे आहे काय, असे विचारता टिळकांनी आपण निर्दोष असल्याचे आणि या न्यायासनाहून वरिष्ठ शक्ती जगाचे नियंत्रण करीत असल्याचे जे चार शब्द सांगितले, ते आज मुंबई उच्च न्यायालयात त्याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते त्या शिलेचे अनावरण झाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. मुंबईतल्या गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्यांतल्या कितीकांना ‘केसरी’ वाचता येत असेल? पण त्या पत्राखाली नाव कोणाचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

जमाखर्च

सहा वर्षे टिळक मंडालेला होते. पत्र थांबले नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी आणि नंतर नरसिंह चिंतामण केळकरांनी ते चालवले. इकडे ७ जून १९१२ रोजी पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्येच प्लेगने गेला होता. वर्तमानपत्राच्या मालकाच्या घरातला जमाखर्च मांडावयाचा तर हे आकडेही त्यात धरावयास हवेत. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहून झाले, त्याच्या वह्या सरकारने अडकवल्या आणि मग परत केल्या. ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सारी जमेची बाजू आपण मोठ्या अभिमानाने वाचतो. नावेची बाजू सत्यभामाबाईंनी भरली.

आणि आणखी एक नावेची बाजू आहे. ती झाकून ठेवणे टिळकांनाही आवडले नसते, असे मला वाटते. ज्या ओळीखाली ‘केसरी’ने दुष्काळी शेतकऱ्याचा कैवार घेतला, त्याच ओळीखाली १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याला कडवा विरोध झाला. मुलींच्या शिक्षणाबाबत त्या पानांनी जे लिहिले ते आज आपल्या लेकीबाळींसमोर वाचताना मान खाली जाते. रानडे, आगरकर, गोखले यांच्यावर त्या लेखणीने ओढलेले कोरडे पुष्कळदा अन्यायाचे होते. पण १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले तेव्हा त्यांचा मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, हेही सांगितले जाते. नाव दिले म्हणजे असे होते. चांगले तेवढे माझे आणि वाईट ते निनावी, अशी सोय राहत नाही. काळ सव्वाशे वर्षांनी हिशेब मागायला आला तरी पत्ता सापडतो.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाचा वार्षिकांक निघत होता. सारा मजकूर तयार झाला, मुखपृष्ठ झाले आणि अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांनी विचारले, “प्रकाशक म्हणून नाव कुणाचं घालू?” अंकात एका मुलाची कँटीनमधल्या चहावर एक तिरकस कविता होती. खोलीत आम्ही तिघे प्राध्यापक होतो. तिघांनीही एकमेकांकडे पाहिले! चहाच्या कवितेची ही कथा. मग ‘भवानी तलवारी’ची काय असेल, याचा अंदाज मला त्या क्षणी आला. शेवटी नाव पडले ते प्राचार्यांचे, आणि त्यांनी कविता वाचून “चहा खरंच वाईट आहे” म्हणून सही केली, हे त्यांच्याविषयी आदराने नमूद करतो.

१९१६ मध्ये टिळकांच्या साठीनिमित्त लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली दिली. त्यांनी ती देशकार्याला परत केली. त्याच वेळी भाषणांबद्दल वीस हजारांचा जातमुचलका मागणारी नोटीसही आली. पुढे हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहातच त्यांचा अंत झाला. १८६७ चा तो कायदाही आता गेला. त्याच्या जागी २०२३ मध्ये नवा आला. पण पत्रावर प्रकाशकाचे नाव हवे, ही रीत टिकून आहे.

आज आपल्या हातातल्या फोनवर दिवसभरात जेवढा मजकूर येऊन पडतो, तेवढा ‘केसरी’च्या वर्षाच्या अंकांतही नसेल. कोणाच्या आजाराचे औषध, कोणाच्या जातीची निंदा, कोणाच्या मरणाची खोटी वार्ता. आणि खाली नाव नाही. ‘जसे आले तसे पुढे पाठवले’ एवढेच. माफी मागावयाची तर कोणी, आणि तुरुंगात जावयाचे तर कोणी? बनावट पत्रांवर विसंबल्याबद्दल १०१ दिवस कैद भोगणाऱ्या त्या दोन पंचविशीतल्या तरुणांना हा कारभार पाहून काय वाटले असते?

तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारून एक करा. हा दिवाळी अंक उलटा आणि त्यातली ती बारीक टायपातली ओळ एकदा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. चकली खाता खाता ती विचारतील, “हे कोण?” त्यांना सांगा, “या अंकात काही चुकलं, तर आपण ज्यांना पत्र लिहायचं, ते हे.”